'सर्टिफाइड सेक्सॉलॉजिस्ट'चा कोर्स करू का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीधर आहेत. मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात, त्यांनी एचआयव्ही समुपदेशक म्हणून काही वर्षं काढली. आता एका संस्थेतर्फे शाळा-कॉलेजांत किशोरवयीन मुलामुलींची सत्रं घेतात. सत्र संपलं की शिक्षक, पालक, नुकतीच लग्न झालेली जोडपी बाजूला घेऊन आपल्या अडचणी विचारतात. अशात त्यांना एका ऑनलाइन कोर्सची माहिती मिळाली: सहा शनिवार-रविवार, फी तीस हजारांच्या पुढे आणि शेवटी 'सर्टिफाइड क्लिनिकल सेक्सॉलॉजिस्ट' असं प्रमाणपत्र. तो करावा, की पैसे साठवून अमेरिकेतलं प्रमाणपत्र घ्यावं? आणि त्यानंतर स्वतःचं केंद्र काढून बोर्ड लावता येईल का?

ताई, तो कोर्स करू नका. तुम्ही हे काम सोडावं असं मात्र मला अजिबात वाटत नाही, उलट तुमच्यासारख्या माणसांची तालुक्याच्या गावांत फार गरज आहे. म्हणूनच जरा सविस्तर लिहिते.

बोर्डाचं आधी. आपल्याकडे 'सेक्सॉलॉजिस्ट' ही उपाधी कायद्याने कुणासाठी राखून ठेवलेली नाही. लैंगिक वैद्यकशास्त्राची स्वतंत्र एमडीही नाही. हे काम करणारे डॉक्टर मुळात मानसोपचारतज्ज्ञ, त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ, युरॉलॉजिस्ट किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ असतात आणि उपचार करण्याचा त्यांचा अधिकार येतो तो मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीतून. आयुर्वेदात वाजीकरण हे आठ अंगांपैकी एक आहे, पण वैद्यांनाही त्यांच्या परिषदेची नोंदणी लागतेच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, सीआरआर नोंदणी क्रमांक असावा लागतो. या नोंदण्यांपैकी एकही नसताना 'क्लिनिकल' शब्द लावून केंद्र उघडलं तर प्रमाणपत्र भिंतीवर असूनही तुम्ही अडचणीत याल. नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय केल्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 च्या कलम 34 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यात एखाद्या कंपनीची कॅप्सूल ठेवून 'शक्ती वाढवा' असं लिहिलंत, तर 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा लागतो. लैंगिक दुर्बलतेवरच्या आणि लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिराती त्या कायद्याने बंद आहेत. एसटी स्टँडच्या भिंती तरीही रंगलेल्या दिसतात, ती गोष्ट वेगळी. त्या रांगेत तुम्ही उभं राहू नये.

तुमच्यासाठी खरी महत्त्वाची गोष्ट 2021 च्या कायद्यात आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी केंद्राने जो राष्ट्रीय आयोग आणला, त्याच्या अनुसूचीत वर्तनआरोग्याच्या गटात एचआयव्ही समुपदेशक, कुटुंबनियोजन समुपदेशक, आरोग्यशिक्षक, वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ते यांची नावं आलेली आहेत. म्हणजे आयसीटीसीत तुम्ही जे केलंत, त्याला कायद्याच्या पुस्तकात पहिल्यांदाच व्यवसाय म्हणून जागा मिळाली. नेमणुकीची पत्रं, अनुभवाचे दाखले, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं, सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवा. नोंदणीची वेळ येईल तेव्हा सहा वीकेंडच्या कागदापेक्षा तीच फाइल कामाला येईल.

आता अमेरिकेचं. तिथली 'एसेक्ट' म्हणजे सेक्शुअ‍ॅलिटी एज्युकेटर्स, कौन्सेलर्स आणि थेरपिस्ट यांची संघटना 1967 साली पॅट्रिशिया शिलर यांनी स्थापन केली. तिची प्रमाणपत्रं जगभर मानली जातात, पण ती का मानली जातात हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. थेरपिस्टच्या प्रमाणपत्राचं उदाहरण घ्या. मानवी लैंगिकतेचं 90 तासांचं मूलभूत शिक्षण, त्यावर सेक्स थेरपीचं 60 तासांचं प्रशिक्षण, मग प्रत्यक्ष रुग्णांसोबत 300 तास आणि त्या कामावर मान्यताप्राप्त सुपरवायझरची 50 तासांची देखरेख. शिवाय मानसोपचाराचा राज्याचा परवाना आधीच हातात असावा लागतो. प्रमाणपत्र मिळाल्यावर दर तीन वर्षांनी पुढचं शिक्षण दाखवून नूतनीकरण करायचं. आचारसंहिता मोडली तर तक्रार होते आणि प्रमाणपत्र काढून घेता येतं.

आणि इतकं असूनही तिथे हे प्रमाणपत्र म्हणजे उपचाराचा परवाना नव्हे. परवाना राज्याचा, प्रमाणपत्र संघटनेचं. 'सेक्स थेरपिस्ट' ही उपाधी कायद्याने बांधून घेणारं राज्य म्हणून फ्लोरिडाचं नाव घेतलं जातं, बाकी बहुतेक ठिकाणी ती मोकळीच आहे. युरोपातही डॉक्टरांसाठी लैंगिक वैद्यकाची सामाईक परीक्षा 2012 पासून होते, मानसशास्त्रज्ञांसाठी सायकोसेक्सॉलॉजिस्टचं वेगळं प्रमाणन आहे, आणि दोन्हींचा पाया मूळ व्यवसायाची नोंदणी हाच आहे. थोडक्यात, जगात कुठेही शून्यातून सेक्स थेरपिस्ट तयार होत नाही. आधी समाजकार्य, मानसशास्त्र, नर्सिंग किंवा वैद्यक पक्कं लागतं, त्यानंतर हे.

एसेक्टचं एज्युकेटरचं प्रमाणपत्र तुमच्या कामाच्या जास्त जवळचं आहे. त्याला मानसोपचाराचा परवाना लागत नाही, पदवी आणि अनुभव लागतो. पण फी डॉलरमध्ये, सुपरवायझरची फीसुद्धा बहुधा डॉलरमध्ये, आणि उदाहरणं सगळी तिकडची. परदेशी विद्यापीठात किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेत जायचं असेल तर जरूर विचार करा. बीड-लातूरच्या शाळांतच काम करायचं असेल तर त्या पैशांत इथे पुष्कळ काही होईल.

देखरेखीवर मी इतका भर का देते, ते एका सत्रावरून सांगते. आठवी-नववीचा वर्ग, प्रश्नांच्या चिठ्ठ्यांची पेटी, समोर नवी प्रशिक्षक आणि मी मागच्या बाकावर. चिठ्ठी निघाली: "हाताने केल्यावर हाडं ठिसूळ होतात का?" तिने उत्तर अचूक दिलं. नाही होत, शरीराचं कसलंही नुकसान नाही, वीर्य सतत तयार होत असतं. पण चिठ्ठी वाचताना 'हाताने केल्यावर' हे शब्द तिने गाळले, आवाज खाली आला आणि नजर दाराशी उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांकडे गेली. मुलं फिसकन हसली. उत्तर बरोबर होतं, तरी मुलांनी घरी नेलं ते एवढंच की या बाईंनाही यात काहीतरी वाईट वाटतंय. सत्रानंतर आम्ही अर्धा तास बसलो. मुख्याध्यापकांना सत्राआधी भेटून चिठ्ठ्यांत काय काय येतं ते नमुन्यांसकट दाखवायचं. चिठ्ठी जशी आहे तशी, बाकीच्या चिठ्ठ्यांच्याच आवाजात वाचायची. 'हस्तमैथुन' हा शब्द फळ्यावर लिहून पुढे जायचं. पुढच्या सत्रात तीच प्रशिक्षक तसाच प्रश्न सहज वाचून गेली आणि वर्गातून आणखी तीन हात वर आले.

हे ऑनलाइन व्हिडिओ पाहून येत नाही. कुणीतरी तुमचं काम पाहावं लागतं. लैंगिक विषयात तर जास्तच, कारण आपले पूर्वग्रह आपल्याला ऐकू येत नाहीत. यासाठीच एसेक्टच्या सगळ्या प्रमाणपत्रांत 'सार' नावाचा एक गटअनुभव बंधनकारक आहे. सेक्शुअल अ‍ॅटिट्यूड रीअसेसमेंट, म्हणजे आपल्याच मनातल्या लैंगिक धारणा तपासून पाहणं. त्यात माहिती कमी आणि स्वतःकडे पाहणं जास्त. समलिंगी जोडप्याबद्दल, विधवेच्या इच्छेबद्दल, अपंग मुलीच्या लैंगिकतेबद्दल, पॉर्न पाहणाऱ्या नवऱ्याबद्दल आपल्या पोटात नेमकं काय होतं, ते इतरांसमोर बोलायचं. माझ्या मते भारतातल्या कुठल्याही कोर्सात हा भाग नसेल तर बाकी अभ्यासक्रम कितीही जाड असला तरी तो अपुरा आहे. आणि एखाद्या अभ्यासक्रमात समलैंगिकता 'बरी' करण्यावर पाठ असेल तर तो तिथेच बंद करा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असल्या तथाकथित उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

आपली हद्द कुठे संपते हे कळायला एक जुनी चौकट आजही उपयोगी पडते. जॅक अ‍ॅनन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ती 1970 च्या दशकात मांडली. तिला 'प्लिसिट' म्हणतात. चार पायऱ्या: बोलायची मोकळीक देणं, मोजकी माहिती देणं, नेमक्या सूचना देणं आणि सखोल उपचार. बहुतेक लोकांचं काम पहिल्या दोन पायऱ्यांवरच भागतं. धातू जाते म्हणून खंगलेला विशीतला मुलगा, एक स्तन लहान म्हणून लग्नाला नाही म्हणणारी मुलगी, पहिल्या रात्री रक्त आलं नाही म्हणून संशय घेणारं घर: यांना बहुतेक वेळा कुणीतरी शांतपणे ऐकून खरी माहिती दिली की पुरतं. हे तुम्ही आजच करू शकता आणि कुठल्याही 'सेक्सॉलॉजिस्ट'पेक्षा चांगलं करू शकता. तिसऱ्या पायरीसाठी प्रशिक्षण आणि देखरेख हवी. चौथी तुमची नाही.

अडचण ही, की माणूस दारात येतो तेव्हा तो कुठल्या पायरीचा हे कपाळावर लिहिलेलं नसतं. पंचेचाळिशी-पन्नाशीचा पुरुष सांगतो, ताठरता येत नाही, टेन्शन असेल. टेन्शन असेलही. पण लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे आतून अस्तर खराब व्हायला लागलं की पहिली खूण तिथे दिसू शकते, कधी कधी छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधी. या माणसाला श्वासाचे व्यायाम देऊन घरी पाठवणं म्हणजे त्याची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासायची वेळ घालवणं. पहाटे ताठरता येते का, अडचण अचानक सुरू झाली की हळूहळू वाढली, मधुमेह आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारून डॉक्टरांकडे पाठवायचं. आणि मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घेतो का, हे जरूर विचारायचं, कारण छातीच्या दुखण्यावरच्या नायट्रेट गोळ्यांसोबत ते घेतलं तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जाऊ शकतो.

किंवा दुसरं उदाहरण. लग्नाला दोन वर्षं झालेलं जोडपं, सासूबाई सोबत, तक्रार 'मूल होत नाही'. तिघांसमोर प्रश्न विचारले तर नवरा बोलतो, बायको खाली बघते. सासूबाईंना बाहेर बसवून आणि मग दोघांना वेगवेगळं विचारल्यावर कळतं की संबंध झालेलाच नाही. ती प्रत्येक वेळी घट्ट होते, दुखतं, तो घाबरून थांबतो आणि दोघांनीही हे कुणाला सांगितलेलं नाही. हा व्हजायनिस्मस. नीट उपचार केले तर बहुतेक वेळा बरा होतो, पण त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि समुपदेशक दोघांनी हातात हात घालून काम करायला हवं. तिला लहानपणी कुणी त्रास दिला होता का, हेही हळुवारपणे विचारायला हवं. तुमचं मोल इथे आहे: वेगळं बसवून विचारण्यात, नेमकी अडचण ओळखण्यात, योग्य माणसाकडे पाठवण्यात आणि पाठवल्यावर त्या बाईची सोबत न सोडण्यात. वंध्यत्वाच्या महागड्या तपासण्यांच्या रांगेतून असं एक जोडपं बाहेर काढलंत तरी ते मोठं काम आहे.

शाळेतल्या कामात एक गोष्ट कुठल्याच परदेशी अभ्यासक्रमात मिळणार नाही, ती म्हणजे पोक्सो. 2012 च्या या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संमतीने प्रेम करणारी सतरा वर्षांची मुलगीही याच कायद्यात येते. म्हणून "तुम्ही मला काहीही सांगा, मी कुणाला सांगणार नाही" हे वाक्य सत्रात कधीही उच्चारू नका. सुरुवातीलाच सांगा: बहुतेक गोष्टी आपल्यात राहतील, पण कुणी तुम्हाला इजा करत असेल किंवा लैंगिक त्रास देत असेल तर मदतीसाठी मला पुढे कळवावं लागेल, आणि कळवण्याआधी मी तुमच्याशी बोलेन. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या बाबतीत, तिने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव उघड न करण्याची मुभा दिली, पण ती नोंदणीकृत डॉक्टरांना. ती मुभा तुम्हाला लागू नाही. हा फरक माहीत असणं ही तुमच्या कामातली पात्रता आहे आणि तीस हजारांचा तो कोर्स या विषयावर एक तरी तास घालतो का, हे पाहण्यासारखं आहे.

मग शिकायचं कुठे? दिल्लीची तारशी ही संस्था 1996 मध्ये हेल्पलाइनपासून सुरू झाली आणि आता लैंगिकतेवरची प्रशिक्षणं घेते, त्यांत ऑनलाइनही आहेत. फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया 1949 पासून मुंबईत आहे. लैंगिकता शिक्षण आणि समुपदेशनाची तिची परंपरा जुनी आहे. पुण्यात 'प्रयास' ही संस्था एचआयव्हीच्या कामातून लैंगिक आरोग्याकडे आलेली आहे, म्हणजे तुमच्याच वाटेने. समपथिक ट्रस्टचं काम समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींसोबतचं, मराठीतून. हिंसाचार सोसलेल्या बायकांसोबतच्या कामातून शिकायचं असेल तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेलं दिलासा केंद्र आणि त्यामागची सेहत संस्था.

आणि गडचिरोलीची 'सर्च' ही संस्था. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांना तपासलं आणि 92 टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. त्याआधी तपासणी झालेल्या बायका जेमतेम 8 टक्के होत्या. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपल्या बायका काय काय मुकाट सोसतात, हे त्या आकड्यांनी जगासमोर आणलं. त्याच कामातून मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' शिबिरं उभी राहिली. मराठी मुलं कुठल्या शब्दांत विचारतात, कुठे गप्प होतात, हे शिकायचं तर असं एखादं शिबिर आधी मागे बसून पाहा. एसेक्टच्या 90 तासांतही ते मिळणार नाही. संस्थांची वेळापत्रकं, फी बदलत राहतात, ते थेट विचारून घ्या.

या विषयात महाराष्ट्राला नवखेपण नाही, हेही ध्यानात ठेवा. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, वैद्यकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत मासिक चालवलं आणि अश्लीलतेचे खटले झेलले. एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. पदवी नसताना त्यांनी हे केलं म्हणून प्रमाणपत्र नकोच, असा अर्थ कुणी काढतात, तो मला मान्य नाही. कर्वे जे लिहीत ते उघड छापून येई, कुणीही वाचून खोडून काढू शकत असे. बंद खोलीत एका घाबरलेल्या माणसासमोर बसणाऱ्या समुपदेशकावर तसा कुणाचा डोळा नसतो. तिथे देखरेख मुद्दाम उभी करावी लागते.

म्हणून कोर्सवाल्यांना फोन करून एवढंच विचारा. माझं प्रत्यक्ष काम कोण, किती तास पाहणार? आजवर कुणी नापास झालं आहे का? माझ्या वागण्याबद्दल एखाद्या व्यक्तीला तक्रार करायची असेल तर ती कुणाकडे करायची, आणि तुम्ही माझं प्रमाणपत्र परत घेऊ शकता का? शिकवणाऱ्यांच्या स्वतःच्या नोंदणीचे क्रमांक काय? ज्या प्रमाणपत्राला कुणी नकार देत नाही आणि जे कुणी काढून घेऊ शकत नाही, ते समोर बसलेल्या माणसाला कसलीही हमी देत नाही. "फी भरली की सीट पक्की" एवढंच उत्तर आलं तर पैसे वाचवा.

ते तीस हजार असे वापरता येतील. एका चांगल्या संस्थेचं लैंगिकतेवरचं प्रशिक्षण. उरलेल्या पैशांतून वर्षभर महिन्याला एक तास जिल्ह्यातल्या किंवा पुण्या-मुंबईच्या एखाद्या नोंदणीकृत मानसोपचारतज्ज्ञाची किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची देखरेख, व्हिडिओ कॉलवर चालेल. नावगाव गाळून केस मांडायच्या. सोबत एक वही ठेवा: तारीख, तास, कामाचा प्रकार, देखरेख करणाऱ्यांची सही. उद्या त्या 2021 च्या कायद्यातल्या आयोगाची नोंदणी असो की एसेक्टचा अर्ज, तास दाखवावे लागतील तेव्हा ही वही पुरावा होईल. जवळच्या रुग्णालयातलं लैंगिक संसर्गांसाठीचं 'सुरक्षा क्लिनिक', किशोरवयीनांचं मैत्री केंद्र, एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक युरॉलॉजिस्ट, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक वकील यांची यादी करून प्रत्येकाला एकदा स्वतः भेटून या. चिठ्ठी देऊन पाठवलेला माणूस तिथे अपमान होऊन परत आला, तर तो पुन्हा कुणाकडेच जात नाही.

बोर्ड लावायचाच असेल तर नाव, एमएसडब्ल्यू आणि खाली 'लैंगिक आरोग्य शिक्षण व समुपदेशन'. त्याखाली एक ओळ, मोठ्या अक्षरांत: 'येथे औषधे दिली जात नाहीत.'